दोन स्क्रीन आणि एक अध्यक्ष

लॉर्न हॅलिचकला कर्लिंग क्लबचं, म्हणजे बर्फावर दगड सरकवायच्या खेळाच्या मंडळाचं, अध्यक्ष व्हायचं नव्हतं, आणि म्हणूनच वार्षिक सभेला हजर राहणं त्याला भाग होतं. त्यांच्या गावात जो गैरहजर असेल त्याच्या गळ्यात पद बांधून मोकळं व्हायची रीत होती. गेल्या साली बिचारा गार्नेट बाथरूमला जाऊन आला, तोवर खजिनदार झाला होता. अध्यक्षपद तर त्याहून वाईट. पहाटे पाचला उठून बर्फ घासायचा आणि लॉर्नहून वयानं मोठ्या असलेल्या, बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरच्या विनवण्या करायच्या.

यंदा सभा ऑनलाइन होती, संध्याकाळी सातला. आणि नेमकी सातलाच बर्फावरच्या हॉकीची शेवटची, निर्णायक मॅच.

"कॉम्प्युटरला दोन स्क्रीन लावतो," लॉर्ननं जेवताना जाहीर केलं. "एकावर सभा, एकावर मॅच."

"त्या कॉम्प्युटरला?" त्याची बायको मार्लिस पेरोगी वाढता वाढता थांबली. "त्याला एकच लावला तरी धाप लागते."

"अगं, मागे दोन खाचा आहेत. एक निळी, एक पांढरी. त्या काय शोभेला दिल्यात?"

ग्राफिक्स कार्ड तेरा वर्षांचं होतं आणि त्यावर तितक्याच वर्षांची धूळ होती. कार्डाचा पंखा फिरेना, म्हणून लॉर्ननं टेबलफॅन आणून समोर ठेवला. निळ्या पिनेचे स्क्रू हरवले होते, तिथे चिकटपट्टी मारली. पावणेसातला दोन्ही स्क्रीन उजळले, तेव्हा आनंदाच्या भरात त्यानं मार्लिसचा मुका घेतला. सभेच्या स्क्रीनवर त्यानं कॅमेरा बसवला, कारण चेहरा दिसला तरच हजेरी, असा मावळत्या अध्यक्षा बर्निसबाईंचा दंडक होता. मॅचचा स्क्रीन सभेच्या स्क्रीनच्या बरोबर मागे, पावाच्या डब्यावर उंच ठेवला. पाहणाऱ्याला वाटावं, काय मन लावून सभा ऐकतोय!

अडीच तास सगळं छान चाललं. मग जळका वास आला आणि सभेचा स्क्रीन काळा झाला. लॉर्ननं माउस हलवला, तर बाण त्या काळोखात शिरला तो परत आलाच नाही. आवाज मात्र दोन्हीकडचे येत होते.

"मार्लिस! सभा गेली!"

"मग सुटलास की."

"सुटलो कसला! मी त्यांना दिसतोय, तेच मला दिसत नाहीत. माइक बंद आहे, आणि त्याचं बटण तिकडे काळोखात!"

"वायर ओढून काढ सरळ."

"म्हणजे गैरहजर? वेडी का खुळी तू?"

तो टॉर्च दातांत धरून टेबलाखाली शिरला.

"लॉर्नची प्रार्थना चाललीय वाटतं," बर्निसबाईंचा आवाज आला. "असो. आता अध्यक्षपद. कोण तयार आहे? हात वर करा."

लॉर्न घाईघाईनं वर आला आणि खुर्चीत पुतळा होऊन बसला. सभेत इतकी शांतता पसरली की गार्नेटच्या घरचं कुत्रं खाजवताना ऐकू येत होतं. लॉर्नचं नाक खाजत होतं, पण त्यानं सोसलं. अशा वेळी हात उचलण्यात धोका असतो. मागच्या स्क्रीनवर बरोबरी झाली होती, जादा वेळ चालू होता, आणि जो पहिला गोल करेल तो जिंकणार होता.

आणि गोल झाला!

लॉर्न खुर्ची पाडून उठला. दोन्ही हात आढ्याकडे, डोळ्यांत पाणी. त्यानं तिथल्या तिथे तीन गिरक्या घेतल्या.

"अगंबाई! दोन्ही हात!" बर्निसबाई हरखून म्हणाल्या. "नऊ वर्षांत कुणी बोट वर केलं नव्हतं हो!"

"अनुमोदन!" गार्नेट ओरडला. "अनुमोदन, अनुमोदन!"

"नाही! मी नाही!" लॉर्न बंद माइकसमोर बोंबलला.

"बघा, बोलताही येईना त्याला. कुणाचा विरोध? नाही. मंजूर!"

लॉर्ननं स्क्रीनला एक सणसणीत चापट मारली. स्क्रीन लागला. सतरा माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. त्यानं झडप घालून माइक चालू केला, तेवढ्यात मागून पंचाचा आवाज आला. चित्रफीत पुन्हा तपासली होती. एक खेळाडू चकतीच्या आधीच निळ्या रेषेपलीकडे पोचला होता, म्हणजे ऑफसाइड, त्यामुळे गोल रद्द.

"मलाही रद्द करा!" लॉर्न किंचाळला. "माझंही पुन्हा तपासून बघा की!"

"तसा नियम नाही रे आपल्याकडे," बर्निसबाई मायेनं म्हणाल्या. "पण हरकत नाही. पुढच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी मांडावा."