साळवेकाकांची पेन्सिल

आम्ही बहारीनला, गुदैबियात राहायला आलो त्याच आठवड्यात, शुक्रवारी सकाळी, वरच्या मजल्यावर भांडण पेटलं. पुरुषाचा आवाज आणि तोही टिपेला. "खोटारड्या, डोळ्यानं बघितलंस का कधी?" समोरून उत्तर नाही. मला वाटलं, बायको बिचारी मुकाट ऐकून घेते आहे. मी नवऱ्याला वर पिटाळलं. दहा मिनिटांनी तो हसत खाली आला. वर एकटेच गृहस्थ होते, बनियनवर, हातात कवितांचं पुस्तक. कवीने टिटवीचं घरटं झाडावर बांधलं होतं आणि साळवेकाका त्याला जाब विचारत होते.

टिटवी उघड्या माळावर खड्यांत अंडी घालते, हे त्यांनी माझ्या नवऱ्याला दोनदा समजावून सांगितलं. नवरा अकाउंटंट. त्याने मान डोलावली.

साळवेकाका मूळचे सातारा जिल्ह्यातले. झल्लाकला समुद्राकाठच्या एका हॉटेलात एसीची देखभाल बघतात. काकू गावी, मुलाच्या संसारात. इथे काका, त्यांचा स्टोव्ह आणि पुस्तकं. बहारीन कायमचं सोडून जाणारी मराठी माणसं आपली पुस्तकं त्यांच्याकडे टाकून जातात, कारण विमानात तीस किलोच्या वर काही चालत नाही. "मिक्सर नेत्यात आणि पुस्तक टाकत्यात," असं चडफडत काका ती ठेवून घेतात. वाचतात मात्र दोनच प्रकारची: लढाईच्या काळातल्या खेड्याच्या जाडजूड कादंबऱ्या आणि पशुपक्ष्यांवरच्या कविता. बाकी सगळ्याला त्यांचा इथे उचललेला एकच अरबी शब्द, मफी. म्हणजे नाही, नको, शून्य.

आवडीचं वाचून माणूस खूश होतो, असा माझा समज होता. काका संतापतात. एका कादंबरीत जवानांना निरोप द्यायला झाडून सगळं गाव मोटारस्टँडवर जातं आणि चार पानं रडतं. काका पुस्तक घेऊन थेट माझ्या दारात. "ताई, सगळं गाव हितं रडतंय, मग म्हशींच्या धारा कुणी काढल्या?" एका कवीचं हरीण पौर्णिमेला आसवं गाळत होतं. काकांच्या मते लांडगा मागे लागलेल्या हरणाला रडायला वेळ मफी. माझी लेक दार उघडून आत ओरडायची, "मम्मा, अँग्री अंकल इज हिअर." काकांना त्याचाही राग यायचा. पोरीला घरटं म्हणजे काय ते मराठीत सांगता येत नाही म्हणून.

पण हॉटेलच्या हिरवळीवर हुदहुद पक्ष्यांची जोडी चोचीने किडे उकरायला उतरली की हाच माणूस गवत कापायचं यंत्र बंद करायला लावायचा. त्यावरून मॅनेजरशी त्यांची तीनदा जुंपली. काका म्हणाले, त्यांचं जेवण होऊ दे, मग कापा.

पूर्वी ते लेखकांना पत्रं लिहायचे, सातसात पानी. एकाचंही उत्तर आलं नाही. तेव्हापासून त्यांनी उत्तर मागणंच सोडलं आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहायला लागले. हे मला ठाऊक असतं, तर मी बाबांचं पुस्तक त्यांना दिलंच नसतं.

ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका गावाची कादंबरी. लग्नानंतर मी इकडे निघाले तेव्हा बाबांनी ती माझ्या बॅगेत घातली. पहिल्या पानावर शाईने लिहिलं होतं, "यात आपलं अख्खं गाव आहे." बाबा गेल्यावर मी ती चार वेळा वाचली. काकांनी ती महिन्याने परत केली. मी उघडली, तर बाबांच्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलेलं, "अख्खं नाही. सातजण सुटले."

माझं डोकंच फिरलं. पुढची पानं मी उलटली, समास गच्च भरलेले दिसले, आणि एक अक्षरही न वाचता मी वर गेले. माझ्या वडिलांच्या अक्षराखाली आपलं अक्षर काढायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, असं विचारलं. लोक जीव लावून पुस्तक देतात आणि तुम्ही शाळेतल्या पोरासारखं गिचमिड करून परत देता, असंही म्हणाले. बोलू नये तेही बोलले. टिटवीवरून तासभर भांडणारा माणूस खाली मान घालून उभा होता.

"सगळं पुसून द्या," मी म्हणाले. "शब्द न् शब्द."

"चुकलं ताई," ते म्हणाले. "शुक्रवारी येतो."

शुक्रवारी आले. खालच्या कोल्ड स्टोअरमधून, म्हणजे इथल्या किराणा दुकानातून, नवं रबर आणलं होतं. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी आधी वर्तमानपत्र अंथरलं, कचरा पडू नये म्हणून. मग पहिल्या पानापासून पुसायला बसले. पान फाटू नये म्हणून एका हाताने ताणून धरायचे, हळूहळू घासायचे, फुंकर मारायचे. चहा ठेवला तर म्हणाले, आधी काम. मी समोर पाळतीवर बसले, कारण माझा राग अजून ताजा होता.

चाळीसेक पानं झाली असतील. निरोपाचं प्रकरण आलं. मोटार सुटते आणि पाटलांची सून वेशीत ओवाळते, ते पान. समासातली ओळ माझ्या बाजूने उलटी दिसत होती, तरी वाचता आली. "ठकू वेशीबाहेर, चिंचेखाली. कडेवर पोर. कुठल्या मोटारीत बसला, तिला दिसलं नाही."

त्यांचं रबर त्या ओळीवर आलं. मी पानावर हात ठेवला.

पुस्तक माझ्याकडे ओढून मी पुढचे समास वाचले. छापलेली गोष्ट आपल्या वाटेने चालली होती आणि तिच्या कडेकडेने ठकू चालली होती. सुगीच्या पानावर, "ठकूचं पोर चालाय लागलं." दुष्काळाच्या पानावर, "ठकूनं डोरली विकली." पाटलांच्या घरी धाकट्याच्या मरणाची तार येते आणि गाव तीन दिवस चूल पेटवत नाही, तिथे लिहिलं होतं, "आमच्याकडं तार मफी."

"ठकू कोण, काका?"

"माझी आजी. कडेवरचं पोर म्हंजी माझा बाप." ते वर्तमानपत्रावरचा रबराचा चुरा बोटाने गोळा करत होते. "आमच्या वस्तीतनं सातजण गेले लढाईवर, माझा आजा त्यातलाच. वेशीत उभं राहायची मुभा नव्हती आमच्या माणसांना. नंतरबी मोटार आली की आजी चिंचेखाली जाऊन उभी राहायची. मरंस्तवर." मग म्हणाले, "गाव कुठलंबी असू दे, हरेक पुस्तकात बघतो, ताई. कुणीतरी तिला बघितलं असंल म्हणून."

मला पुन्हा राग आला, आणि या वेळी कुणाचा ते कळायला थोडा वेळ लागला. बाबांचा. आमचं घर वेशीच्या आतलं. आणि माझा स्वतःचा, कारण चार वेळा वाचूनही यात कोण नाही, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी ते रबर उचललं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. लेकीच्या दप्तरातून पेन आणलं आणि बाबांच्या अक्षराचं पहिलं पान काकांपुढे ठेवलं.

"सातही नावं लिहा."

"पेनानं? पुस्तक खराब हुईल."

"पेनानंच."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. मग लिहायला लागले, अक्षर न् अक्षर दाबून. मध्येच पुटपुटले की तुमच्या वडलांनी खाली जागा लई कमी ठेवली. सातवं नाव झालं तरी पेन थांबलं नाही. मी मोजत होते.

"काका, हे आठवं झालं."

"सात गेले, ताई," ते म्हणाले. "आठवी उभी होती."

मी खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांनी पुसलेली चाळीस पानं पुन्हा भरून घ्यायला पहिल्यापासून उघडली.