सार्वकालिक

आमच्या मंडळीचा नरक चर्चच्या आवारातच, घंटेच्या खांबामागे आहे, आणि आतल्या माणसाला सोडायचं की नाही हे पंचकमिटी ठरवते. मी कमिटीचा चिटणीस.

गेल्या बैठकीपर्यंत आत एकच जण होता. मार्थाबाई शेलारांचा तीमथ्य, वय एकोणीस. रविवारी त्याचा बाप्तिस्मा ठरला होता आणि आदल्या बुधवारी तो विहिरीत बुडाला; बाप्तिस्म्यावाचून मेला, म्हणून आत. आतून तो "आई, पाणी" म्हणतो. उपासनेला बसलेल्यांना ते ऐकू येतं, म्हणून आम्ही गीतं जरा मोठ्याने गातो.

त्या बैठकीत थोरात गुरुजी म्हणाले, "पोरगं एकोणीस वर्षांचं. करून करून किती पाप केलं असेल? मोजून शिक्षा द्या आणि सोडा. देवाने डोकं दिलंय ते कशाला?"

"शास्त्रात 'सार्वकालिक' शिक्षा आहे," पाळक म्हणाले.

"मूळ भाषेत तो शब्द युगाचा आहे. युग कधीतरी संपतं."

हे सगळ्यांना पटलं. पाचही पंचांचे हात वर गेले, माझाही. दाराशी बसलेल्या मार्थाबाई उभ्या राहिल्या.

पाळकांनी ग्रंथ मिटला नव्हता. ते हळूच म्हणाले, "त्याच ओळीत तोच शब्द स्वर्गातल्या जीवनालाही लावलाय. इकडचं युग संपलं तर तिकडचंही संपेल. ठराव झाला की स्वर्गातली आपली माणसं बाहेर येतील."

हात खाली आले. माझी आई तिकडे आहे. गुरुजींचा हात सर्वांत शेवटी उतरला. त्यांची बायको तिकडे आहे. मला माझी लाज वाटली, पण हात काही पुन्हा वर गेला नाही.

"माझं मालकबी तिकडंच हायेत," मार्थाबाई म्हणाल्या. "येऊ द्या की समद्यांना घरी. काय बिघडतंय?"

त्यांना मताचा अधिकार नसल्यामुळे हे इतिवृत्तात घेतलं नाही.

"मग मला तरी आत सोडा."

पाळकांनी पानं चाळली, गुरुजींनी विचार केला. शास्त्रात आडकाठी निघाली नाही, बुद्धीलाही हरकत दिसली नाही. एवढ्या वर्षांत दोघांचं पहिल्यांदाच जमलं. आत जायला ठरावसुद्धा लागत नाही, नुसता अंगठा पुरतो.

नरकाच्या दारापाशी त्या थांबल्या. "चपला नेऊ का, भाऊ?"

"न्या," मी म्हणालो. "आत जमीन तापते."

त्या गेल्यावर पाळकांनी प्रार्थना केली, आणि मी बाहेरून कडी लावली.