इनोड सांगेल, कोण ऐकतंय ते

"आता कळेल, कोण खरंच ऐकतं आणि कोण नुसतं 'हो बाबा' म्हणतं!" डिस्करावांनी बाह्या सरसावल्या आणि कीबोर्ड पुढे ओढला.

डिस्कराव हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. डिस्क तपासणाऱ्या एकाच प्रोग्रॅमचे लाड करण्यात त्यांची अख्खी नोकरी गेली. तेव्हा मशीनला माणसांपेक्षा जास्त मान होता. मशीनला गारवा हवा म्हणून भर उन्हाळ्यात माणसं स्वेटर घालून बसायची. बाहेर पडलं की चष्म्यावर वाफ जमायची आणि सगळे आंधळ्यासारखे चहाच्या टपरीपर्यंत चाचपडत जायचे. काय दिवस होते ते! सहकारी मागे लागायचे, "डिस्कराव, इनोडची माहिती सांगणारी एक कमांड घाला की!" आणि हे म्हणायचे, "पुढच्या वेळी नक्की." पुढची वेळ यायच्या आत निवृत्ती आली.

निवृत्तीनंतर त्यांनी या सगळ्या आठवणी आपल्या आवाजात रेकॉर्ड करून घरच्या कॉम्प्युटरवर ठेवायला सुरुवात केली. परगावच्या लेकीला तिथूनच त्या ऐकता याव्यात, अशी सोयही केली. लेक फोनवर म्हणायची, "हो बाबा, मस्त आहेत." पण कुठली मस्त, ते कधी सांगायची नाही! एवढ्या एका गोष्टीनं म्हाताऱ्याच्या जिवाला घोर लावला होता. म्हणूनच ती राहून गेलेली कमांड त्यांनी आता लिहायला घेतली होती.

"इनोड म्हणजे काय हो?" बायकोनं मटार सोलता सोलता विचारलं.

"अगं, फाइलचं नाव म्हणजे दारावरची पाटी. खरी माहिती इनोडमध्ये, म्हणजे फाइलच्या नंबरावर ठेवलेल्या नोंदीत. फाइल केवढी, कुणाच्या मालकीची, शेवटची कधी उघडली."

"कुणी उघडली, तेही कळतं?"

"ते नाही कळत."

"मग उपयोग काय?"

"दुसरं कोण उघडणार आहे?" डिस्कराव खेकसले.

दोन दिवसांत कमांड तयार झाली. नुसती माहिती दाखवतील तर ते डिस्कराव कसले! रेकॉर्डिंग किती मिनिटांचं आहे, तेही त्यांनी दाखवलं. शिवाय बायकोला समजावं म्हणून तारखेऐवजी 'आज सकाळी', 'काल दुपारी' असं साध्या भाषेत लिहिलं. मग पहिल्या फाइलचा नंबर दिला. उत्तर आलं: आज सकाळी!

"ऐकलंस? कामावर जायच्या आधी ऐकते पोरगी!"

दुपारी पुन्हा विचारलं. आज दुपारी! संध्याकाळी विचारलं. आज संध्याकाळी! डिस्कराव हवेत तरंगायला लागले. घसा साफ ठेवायला कोमट पाणी पिऊ लागले. श्रोत्यांची मागणी आहे म्हणून रोज दोन-दोन आठवणी रेकॉर्ड होऊ लागल्या.

बायकोचा चेहरा मात्र उतरला. "अहो, सकाळ-संध्याकाळ तुमचंच ऐकते म्हणजे पोरीचं काहीतरी बिनसलंय. धडधाकट माणूस असं करेल का?"

"म्हणजे माझं ऐकायला माणूस आजारी असावा लागतो?"

पण आईचं काळीज! तिनं गुपचूप जावयाला फोन लावला. "तिला जरा जपा हो. आतल्या आत कुढतेय ती." जावई मुळातच घाबरट. तो मीटिंग अर्धवट टाकून घरी पळाला आणि बायकोसमोर डोळ्यांत पाणी आणून उभा राहिला, "माझं काय चुकलं ते एकदा सांग!" त्या बिचारीला वाटलं, यानंच काहीतरी मोठा घोळ घातलाय. तासभर दोघं एकमेकांकडून कबुली मागत होते!

मग लेकीनं आईकडून कमांडची सगळी हकीकत फोनवर काढून घेतली आणि बाबांना फोन द्यायला सांगितलं. "बाबा, मी तुमचं एकही रेकॉर्डिंग ऐकलेलं नाही."

"एकही?" डिस्कराव खुर्चीत बसले.

"नंतरसाठी ठेवलीत बाबा, सगळी."

"नंतर म्हणजे कधी?"

तिकडे तिचा आवाज ओला झाला. "म्हणजे... तुम्ही... असू दे ना बाबा. मी येत्या रविवारपासून ऐकते." आणि विषय बदलायच्या घाईत तिनं विचारलं, "तुमची कमांड मिनिटं कशी मोजते हो? फाइल उघडून?"

डिस्करावांनी जीभ चावली. आधी फाइल उघडायची आणि मग विचारायचं, शेवटची कधी उघडली! एवढे दिवस ते स्वतःचेच श्रोते होते. डिस्क तपासण्यात हयात गेलेल्या माणसानं हा घोळ घातला होता. त्यांना हसू आलं आणि रडूही आलं.

त्यांनी मिनिटांचा भाग काढून टाकला. दोन दिवस कमांडकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी राहवेना, म्हणून सहज एका फाइलचा नंबर दिला.

आज दुपारी.

पुन्हा विचारलं. आज दुपारीच. फाइल तर आता उघडतच नव्हती! लेकीला फोन केला, तर ती दिवसभर प्रवासात. डिस्कराव तरातरा आतल्या खोलीत गेले. बायको पलंगावर आडवी, कानात इयरफोन, बाजूला फोन.

"तू?" त्यांचा आवाज चिरकला. "तू ऐकतेस?"

तिनं एक डोळा उघडला. "परवापासून रोज. फोनवर कसं लावायचं ते लेकीनं सांगितलंय."

"अगं, पण हे सगळं तू माझ्या तोंडून शंभरदा ऐकलंयस!"

"म्हणून तर," ती कुशीवर वळली. "दुपारी डोळ्याला डोळा लागत नव्हता. तुमचं लावलं की पाच मिनिटांत झोप येते."

डिस्करावांनी हळूच दार ओढून घेतलं. मग पुढची आठवण रेकॉर्ड करायला बसले. या वेळी मात्र जरा सावकाश आणि खालच्या आवाजात.