जमलं, तीनशे बारा जणांचं

धम्मरत्नची बोटं कीबोर्डवर पडली की मारेगावच्या वधू-वर मंडळात तिफण चालल्यासारखा आवाज यायचा. मंडळाची सगळी यादी त्याच्या हाती. तीनशे बारा नावं, त्यात एक त्याचंही. दीपानं होकार दिला होता, आणि साखरपुड्याचं बोलायला तिचे वडील धर्मपाल मुकुटबनहून येऊन खुर्चीत ठाण मांडून बसले होते.

"तुमच्या नावापुढं 'शोध सुरू' हाय, धम्मरत्नजी. ते पुसा, मंगच साक्षगंधाची तारीख."

"एका ओळीचं काम, मामाजी! अन् चुकलंच तं रोलबॅक हाय. केलेलं सारं माघारी!"

ऐट दाखवायच्या घाईत त्यानं लिहिलं: स्थिती 'जमलं' करा. कोणाची, ते लिहायचं राहिलं. एंटर!

एका सकाळी सगळ्या शिवारात बोंडं फुटावी, तशी तीनशे बाराही नावं 'जमलं' झाली. स्थिती बदलली की अभिनंदनाचा मेसेज आपोआप जाई. तोही गेला, घरोघरी!

फोन घणघणू लागले. कळंबचे नागोराव म्हणाले, "मी सदरा शिवाले टाकला, पोरगी कोणती ते तं सांगा!"

मंडळाच्या विमलताई ओरडल्या, "धम्मा, काय करून राह्यला रे?"

"थांबा, ताई!" रोलबॅक. काही हललं नाही. पुन्हा रोलबॅक. यादी ढिम्म.

मग आठवलं. मागच्या उन्हाळ्यात लाइन गेली आणि कमिट न केलेल्या, म्हणजे कच्च्या, चाळीस नोंदी वाहून गेल्या. ताई रागावल्या, म्हणून त्यानंच ऑटोकमिट सुरू केलं होतं: एंटर दाबला की ओळ पक्की. आणि पक्की झालेली ओळ रोलबॅकचं ऐकत नाही.

सकाळचा बॅकअप होता म्हणून निभावलं. तो चढवला; सगळे पुन्हा 'शोध सुरू'. आता मात्र धम्मरत्ननं आधी बिगिन लिहिलं, म्हणजे कमिट म्हणेपर्यंत सगळं कच्चं, परतवता येणारं. मग स्वतःचं नाव, नोंदणी नंबरासकट. एंटर. एकच ओळ बदलली!

"पाहा, मामाजी!"

"वा, जवाईबापू!" धर्मपालांनी तिथूनच दीपाला फोन लावला. "बाई, रविवारी साक्षगंध समज."

जवाईबापू! शब्द कसा कानात अत्तराच्या फायासारखा बसला. धम्मरत्न तरंगतच चहा सांगायला उठला.

आणि लाइन गेली.

आली तेव्हा त्यानं यादी उघडली. त्याच्या नावापुढं 'शोध सुरू'. कमिट म्हणायचं तेवढं राहून गेलं होतं.

धर्मपालांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. "थांब बाई, रविवारचं कच्चंच राहू दे," ते पुन्हा दीपाला फोन लावून म्हणाले. मग वळून, अगदी अदबीनं: "चहा राहू द्या, धम्मरत्नजी. आधी तुमचं काय ठरते ते पाहा!"