बारकं काम हाय, मिस्त्रीला दाखवू

आमचे अप्पा ट्रकचा गिअरबॉक्स घरच्या अंगणात उघडतात आणि आरशाचा ढिला झालेला स्क्रू आवळायला मिस्त्रीकडे जातात. वाचणाऱ्याला वाटेल, लिहिताना माझ्या हातून उलटसुलट झालं. झालेलं नाही. मी उलटसुलट करत नाही. माझ्या घरात डाळींच्या डब्यांनासुद्धा चिठ्ठ्या आहेत.

अप्पा म्हणजे माझे थोरले दीर. बोरीत आमचा मंडपाचा आणि भांडी भाड्याने द्यायचा धंदा आहे. तारखा आणि सामानाच्या याद्या माझ्याकडे, माणसं गोळा करणं आमच्या ह्यांच्याकडे आणि ट्रक अप्पांकडे. ट्रक जुना आहे. किती जुना, असं विचारलं की अप्पा "तिला ऐकू जाईल" म्हणत आपल्याला बाजूला घेऊन जातात आणि तिथेही सांगत नाहीत.

लग्न त्यांनी केलं नाही. सकाळची लिंगपूजा झाली, कपाळाला विभूती लागली की ते ट्रकभोवती एक फेरी मारतात, बॉनेटला कान लावतात आणि दिवसाचा निकाल सांगतात. "आज आवाज जाड हाय." नाहीतर, "आज बरी हाय, पण मनातून न्हाई."

जुन्या गाडीला रोज काहीतरी होणार, हे मला मान्य आहे. प्रश्न एवढाच की काय घरी करायचं आणि काय मिस्त्रीकडे न्यायचं. माझ्या मते ह्याचं उत्तर कुणीही देईल. बल्ब, फ्यूज, वायर घरी. क्लच, गिअर, इंजिन जाणकाराकडे. अप्पांचं गेली काही वर्षं नेमकं उलटं. बल्ब गेला की, "बारकं काम हाय, मिस्त्रीला दाखवू." क्लच घसरायला लागला की, "लय मोठं काम हाय मंगल, घरीच करू."

"अहो, का पण?"

"तुला गाडीतलं कळत न्हाई."

हे वाक्य मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. गाडीतलं मला कळत नाही, पण वेळेतलं कळतं. मंडप संध्याकाळी उभा पाहिजे असेल, तर दुपारी गाडी अंगणात पोट उघडून पडलेली चालत नाही.

एकदा मी गोडाऊनच्या भिंतीवर तक्ता लावला. डाव्या रकान्यात घरची कामं, उजव्या रकान्यात मिस्त्रीची. अप्पांनी चष्मा लावून तो अथपासून इतिपर्यंत वाचला, "अक्षर बेस्ट हाय," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर वरचे दोन मथळे खोडून त्यांची अदलाबदल केलेली. खाली एका शब्दाला हात लावलेला नव्हता.

घरच्या मोठ्या कामांचे हाल सांगत बसले तर वही भरेल. गिअरबॉक्सचे दात डिझेलमध्ये भिजत घालायला ह्या माणसाने भाड्याची मोठी परात नेली. घासूनपुसून जागेवर ठेवली, हेही खरं. पण त्या आठवड्यात एका बारशाच्या घरून निरोप आला की बुंदी छान झाली, पण पेट्रोल पंपावर बसून खाल्ल्यासारखं वाटलं. मी अप्पांना विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल न्हाई, डिझेल. सांग त्यांना."

आणि बारकी कामं? ती सगळी उस्मान मिस्त्रीकडे. गावाबाहेर परभणीच्या रस्त्याला त्यांचं पत्र्याचं गॅरेज आहे. एका स्क्रूसाठी अप्पा गेले की अर्धा दिवस गेला. आमचे हे म्हणतात, "जाऊ दे, मोठा भाऊ हाय." ह्यांचं काय जातं? गिऱ्हाइकांचे फोन मला येतात.

परवा तर कडेलोट झाला. पिंगळीला लग्न होतं. हळदीच्या आत मंडप उभा करून द्यायचा शब्द मी स्वतः दिला होता. मुलीचे वडील पहिल्यांदाच आमच्याकडून मंडप नेत होते आणि त्यांच्या भावकीत पुढे आणखी तीन लग्नं होती. एवढं एक काम नीट झालं की तो सगळा भाग आमचा. आणि सकाळी अप्पांनी बॉनेटवरून कान काढून जाहीर केलं, "क्लच गेला."

मी वाद घातला नाही. सरळ परभणीच्या एका मिस्त्रीला फोन केला. तो बिचारा मोटारसायकलवर हत्यारं बांधून आला. मी आत भांडी मोजत होते. बाहेर येऊन बघते तर अप्पांनी त्याला चहा पाजून, पोटभर पोहे खाऊ घालून वाटेला लावलेलं, आणि स्वतः गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सरकवून गाडीखाली शिरलेले.

"अप्पा, बाहेर या!"

"आलो तर क्लच कोन बसवंल?" गाडीखालून आवाज.

"आज मंडप पोचला न्हाई तर त्या माणसाला काय तोंड दाखवू?"

"दाखवू नको. मी दाखवतो. तू पाना दे."

मी पाना दिला. दुसरं काय करणार? क्लचची नवी प्लेट अप्पांनी म्हणे कधीच आणून बाजेखाली ठेवलेली होती. उन्हं कलायच्या आत काम झालं, सामान चढलं. मी मात्र मनाशी ठरवलं होतं, आता बस. लग्न आटोपलं की गाडीची सगळी कामं, बारकी-मोठी, परभणीच्या एका वर्कशॉपला लावून टाकायची. हे उस्मान मिस्त्रीला मीच सांगणार होते. वाटेत अप्पा कुठे थांबायला नकोत म्हणून ह्यांना मोटारसायकलवर पुढे पाठवलं आणि मी स्वतः केबिनमध्ये जाऊन बसले.

गावातून निघताना अप्पांनी म्हशींना हॉर्न दिला. खणखणीत वाजला. गॅरेज दिसायला लागलं तसा त्यांनी एक हात डॅशबोर्डाखाली घातला, काहीतरी ओढलं, मग हॉर्न दाबला. आवाज नाही.

"हॉर्न गेला," अप्पा म्हणाले. "बारकं काम हाय, मिस्त्रीला..."

"अप्पा! माझ्या डोळ्यांदेखत वायर काढली तुमी!"

"मी कशाला काढू?" आणि गाडी गॅरेजसमोर उभी.

मी तरातरा खाली उतरले. म्हटलं, सांगायचंय ते आत्ताच सांगून टाकू. शेजारी नवं मोठं गॅरेज झालंय, तिथे गाड्यांची रांग. उस्मान मिस्त्रीच्या पत्र्याखाली एकही गाडी नाही. ते खुर्चीवर बसलेले होते. आम्हाला बघून उठले.

"आओ अप्पा! आज क्या बिघड्या?"

"हॉर्न रुसला मिस्त्री. मला तर काय उमजना."

क्लच बसवून आलेला माणूस हे बोलत होता! मी तोंड उघडणार तेवढ्यात मिस्त्री वायर लावायला वाकले आणि मला त्यांचे हात दिसले. दोन्ही हात थरथरत होते. वायरीचं टोक स्क्रूपाशी न्यायचे, ते निसटायचं. पुन्हा न्यायचे. अप्पांनी सहज म्हणून दोन बोटांनी वायर धरली, मान दुसरीकडे वळवली आणि कापसाच्या भावाबद्दल बोलायला लागले. मिस्त्रींच्या हाताकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. टोक बसलं, स्क्रू फिरला, हॉर्न वाजला.

शेजारच्या गॅरेजमधली पोरं वळून बघायला लागली. मिस्त्री ताठ उभे राहिले. "अप्पा, तुम्हारी गाडी मेरे बगैर चलतीच नहीं."

"कशी चालंल?" अप्पा म्हणाले.

मग मिस्त्री माझ्याकडे वळले. "बाई, तुमी कदी येत न्हाईत. काई बोलायचं होतं का?"

पिंगळीहून फोन वाजत होता. मी तो तसाच वाजू दिला.

"हो," मी म्हटलं. "डाव्या बाजूचा इंडिकेटर बघायचाय. आज न्हाई, सोमवारी पाठवते."

गाडी सुरू झाली. परभणी मागे पडली. मग मीच विचारलं, "हाताला कधीपासून हाय असं?"

"झाली दोन-तीन सालं." अप्पा समोर रस्त्याकडे बघत होते. "क्लच घेऊन गेलो तर न्हाई म्हणावं लागंल त्याला. त्याला न्हाई म्हणायची सवय न्हाई."

पिंगळीत पोचलो तेव्हा मंडपाच्या बल्ल्यांचे खड्डे खणून तयार होते, आमचे हे घाम पुसत उभे होते आणि हळदीच्या बायका अजून नटत होत्या. अप्पांनी गाडी मागे घेत मला म्हटलं, "पर मंगल, डाव्या बाजूचा इंडिकेटर चांगला हाय की."

"माहीत हाय मला," मी म्हटलं. "सोमवारपत्तुर बिघडवा म्हणजे झालं."