लोपीसचं दार

बस्त्याव लोपीसच्या दाराला एक कुलूप, तीन कड्या आणि एक साखळी होती. बेल वाजवली की आतून आवाज यायचा, "कोण?" "कुलकर्णी" म्हटलं की, "कुठले कुलकर्णी?" मी समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होतो, आणि सहा वर्षं आम्ही रोज एकाच गाडीतून ऑफिसला जात होतो. तरी हा गृहस्थ साखळीच्या फटीतून माझ्या मागे कुणी उभं नाही ना, हे बघून घ्यायचा, मगच एकेक कडी काढायचा.

आणि हे कुठे? तर बहारीनच्या मनामात! आमची इमारत सूकच्या, म्हणजे तिथल्या जुन्या बाजाराच्या, मागे होती. त्या काळी सूकमधला सोनार दुकानावर नुसतं फडकं टाकून नमाजाला जायचा. आमच्या दाराला दिवसा कडीसुद्धा नसायची. चोरी म्हणाल तर आख्ख्या इमारतीत एकदाच झाली होती, तीही वाळत घातलेल्या बोंबलांची, आणि चोर मांजर होतं.

पण लोपीस मनामात फक्त झोपायचा. राहायचा तो अमेरिकेत. आमचा अमेरिकन साहेब वाचून झालेली साप्ताहिकं त्याला द्यायचा. दोन-दोन महिने जुनी. ती हा वसईचा माणूस प्रार्थनेच्या पुस्तकासारखी वाचायचा. कुठे घरं फुटली, कुठे गोळीबार झाला, कुणी कुणाला लिफ्टमध्ये लुटलं, सगळं तोंडपाठ. "चान्स नाही घ्यायचा, कुलकर्णी," हे त्याचं पालुपद. गंमत म्हणजे तो साहेब स्वतः सूकच्या तोंडाशी गाडी चालू ठेवून, किल्ली आत सोडून सिगारेट आणायला जायचा. ज्याच्या देशाची भीती, तो निवांत. आणि आमचा लोपीस पलंगाखाली बीन्सचे डबे आणि पाण्याचे कॅन भरून बसलेला. समुद्रापलीकडे खरंखुरं युद्ध चालू होतं. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणायचा, "ते काय, इंशाल्ला थांबेल. तुम्ही शिकागोचं वाचलंत का?"

एका दिवाळीत माझ्या बायकोने त्याला बेसनाचे लाडू दिले. त्याने आमच्यासमोरच सुरीने लाडवाचे चार भाग केले आणि काट्याने उकरून बघितलं. तिकडे म्हणे कुणीतरी मुलांच्या खाऊत सुया घालतात. "वहिनी, तुमच्यावर डाउट नाही हां," असं वर सांगितलं. बायकोने पुढच्या वर्षी त्याला चकल्या पाठवल्या. म्हणाली, यात काय घालणार आणि हा काय शोधणार.

पण कळस झाला तो मुलं पळवण्याच्या बातम्यांनी. अमेरिकेत दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापतात हे त्याने वाचलं, आणि त्या दिवसापासून त्याचं जेवण तुटलं. त्याची बायको आणि सहा वर्षांची मुलगी सिसू वसईला होत्या. त्याला फॅमिली व्हिसा मिळत नव्हता. दोन वर्षांतून एकदा रजा, बाकी सगळा संसार आवाज भरून धाडलेल्या कॅसेटवर. साप्ताहिकात उपाय दिला होता, की घरात एक गुप्त शब्द ठरवा. तो सांगेल त्याच्याचबरोबर मुलाने जायचं. लोपीसने आठ दिवस शब्द शोधला आणि शेवटी ठरवला, 'सुकेळी', त्यांच्या वसईची वाळवलेली केळी. "कुठल्याही अमेरिकन गुंडाला बोलता येणार नाही," तो म्हणाला. वसईत अमेरिकन गुंड कशाला येईल, असं मी विचारलं नाही. त्याने कॅसेट भरताना मला गप्प बसवलं आणि घसा खाकरून बोलला, "सिसू, हा पप्पा बोलतो. शाळेत कुणी न्यायला आला आणि सुकेळी बोलला नाही, तर जायचं नाही. कुणीही असू दे." मी नंतर आठवडाभर ऑफिसात त्याची नक्कल करून दाखवली. लोक पोट धरून हसले.

मग तो रजेवर गेला. येण्याची तारीख घरीही कळवली नाही. आखातातून माणूस येतोय हे चोरांना कळतं म्हणे.

तो परत आल्याचं कळलं तेव्हा शुक्रवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. गावाकडच्या माझ्या घरून त्याच्याबरोबर लोणचं आलं होतं. 'कुठले कुलकर्णी'ची तयारी करूनच गेलो. दार सताड उघडं होतं.

"काय लोपीस, अमेरिकेत चोर संपले वाटतं?" मी म्हणालो.

तो हसला नाही. "बसा," म्हणाला. "घरी बॅगा टाकल्या. बायको बाजारात गेलेली. म्हटलं आपणच शाळेत जाऊ, सिसूला सरप्राइज. ती बाहेर आली. मी बोललो, चल बाळा. तर टीचरच्या मागे गेली. बोलली, माझे पप्पा बहारीनला असतात."

"मग शब्द सांगायचा ना."

"मला वाटलं बापाला कशाला लागतो?" तो हातातल्या कुलपाची किल्ली फिरवत राहिला. "मग बोललो सुकेळी. तेव्हा आली. कायद्याने आली, कुलकर्णी. पण हात नाही दिला. पूर्ण रस्ता दोन पावलं पुढे चालली. आणि दारात आईला काय सांगते? मम्मी, या अंकलना सुकेळी माहीत आहे."

मला ती नक्कल आठवली आणि स्वतःची शरम वाटली. ज्या पोरीला चोरापासून वाचवायचं म्हणून हा इतका घाबरत होता, तिला आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत नोकरीनेच नेलं होतं, आणि त्यावर मी हसत होतो.

"बरोबर केलं तिने," लोपीस म्हणाला. "चान्स नाही घेतला." आणि मग तोंड फिरवून त्याने डोळे पुसले.

त्याने गावाहून आणलेलं सुकेळ्यांचं पुडकं सोडलं, एक मला दिलं, एक न तपासता स्वतः तोंडात टाकलं. मीही खाल्लं. लोणच्याची बरणी घेऊन मी निघालो आणि माझ्या दारात जरा थांबलो. रोज माझ्या पाठीमागे तीन कड्या आणि साखळी लागायची, तो आवाज ऐकायची सवय होती.

त्या दिवशी तो आलाच नाही.