कलम सत्तावीसचं इंग्रजी

शब्द चुकला की काम चुकतं आणि काम चुकलं की चौकशी लागते. म्हणून कुठलीही शहाणी संस्था आधी शब्द पक्का करते आणि माणसाचं मग बघते. आमचं पाणीपुरवठा खातं शहाणं आहे, हे मी भाषांतर समितीचा सचिव या नात्याने छातीठोकपणे सांगतो.

गेल्या वर्षी आमच्या पाचही पंपघरांत स्वीडनहून नवं विजेचं पॅनेल आलं. कपाटाएवढं, करड्या रंगाचं, आतल्या आत गुणगुणणारं. सोबत तीनशे चाळीस पानांची पुस्तिका, तीही स्वीडिशमध्ये. वायरमनला स्वीडिश येत नाही, सबब तिचं इंग्रजी करायचं ठरलं. (वायरमनला इंग्रजीही जेमतेमच येतं. पण ती पुढच्या समितीची बाब आहे.)

समिती तिघांची. भाषांतरकार बाई अकरा वर्षं स्वीडनमध्ये राहून आलेल्या, ती भाषा पाण्यासारखी बोलतात. विजेचं मात्र फ्यूज उडाला की शेजाऱ्यांना हाक मारायची, एवढंच ज्ञान. निवृत्त अभियंते विजेत मुरलेले, पण स्वीडिशचा गंध नाही. अध्यक्षांना दोन्हीतलं काहीच येत नाही, त्यामुळे त्यांच्या निःपक्षपातीपणाकडे बोट दाखवायची कुणाची टाप नाही. मी इतिवृत्त लिहितो.

आमची पद्धत निर्दोष आहे. एकेक संज्ञा चर्चेला घ्यायची, मंजूर झाली की हिरवा शिक्का. एखादी अडली, तर ती ज्या कलमात असेल ते अख्खं कलमच छापायचं नाही. तिथे निळा शिक्का: 'विचाराधीन'. अर्धवट माहिती देण्यापेक्षा अजिबात न दिलेली बरी, हे अध्यक्षांचं तत्त्व. ते ऐकल्याबरोबर आम्हा सगळ्यांना पटलं. सात महिन्यांत सहाशे बारा संज्ञांपैकी सहाशे अकरा मंजूर झाल्या. (दाराच्या बिजागरीला पाच बैठका लागल्या. पण झाली कशी, झक्कास!)

राहिली एकच, कलम सत्तावीसमधली. बाईंनी ते पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं. "मेन बंद केला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. पंधरा मिनिटं थांबायचं, मग दांडी लावून उरलीसुरली वीज जमिनीत सोडायची, मगच आत हात घालायचा." आता वीज जमिनीत सोडायला इंग्रजीत दोन शब्द. अभियंत्यांची हयात 'अर्थिंग' म्हणण्यात गेली. अध्यक्षांचे जावई अमेरिकेत, ते म्हणतात 'ग्राउंडिंग'. बाई म्हणाल्या, दोन्ही बरोबर आहेत. तिथेच घोटाळा झाला. एक चूक असता तर पाच मिनिटांत निकाल लागला असता.

चौदा बैठका झाल्या. अभियंत्यांनी कॉलेजातली वही आणली. तिच्यात 'अर्थिंग' एकूण त्रेपन्न वेळा होतं, ते त्यांनी मोजून दाखवलं. अध्यक्षांनी जावयांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. जावई म्हणाले, "पप्पा, मी विम्याच्या कंपनीत आहे." हे मत मी 'अंशतः अनुकूल' म्हणून नोंदवलं.

इथे एक घरगुती बाब सांगणं भाग आहे. पाचांतल्या एका पंपघराचा वायरमन हा माझा सख्खा मेहुणा. एका रविवारी पुस्तिका काखोटीला मारून घरी आला.

"दाजी, सत्तावीस नंबरला निळा शिक्का आहे. काय असेल हो तिथे?"

मला माहीत होतं. इतिवृत्तात माझ्याच अक्षरात होतं. "विचाराधीन आहे," मी म्हणालो.

"म्हणजे मी दार उघडू की नको?"

"त्याबद्दल समितीने अद्याप मत बनवलेलं नाही."

आतून बायको कडाडली, "अहो, सांगून टाका ना त्याला एका वाक्यात! जीभ झडणार आहे का तुमची?" सचिवाने स्वतःच्या मेहुण्याला नामंजूर मजकूर सांगणं म्हणजे शुद्ध वशिलेबाजी, हे मी तिला शांतपणे समजावलं. तिने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी वर्तमानपत्र उघडलं.

मंगळवारी पॅनेल बंद पडलं. मेहुण्याने पुस्तिका उघडली. कलम सव्वीस: मेन बंद करा. त्याने केला. कलम सत्तावीस: विचाराधीन. कलम अठ्ठावीस: दार उघडून जळालेला फ्यूज काढा. मेहुणा शिस्तीचा माणूस, त्याने लगेच हात घातला. धक्का असा बसला की तीन फूट मागे उडून तो पुसणीच्या बादलीत बसला. जीव वाचला, नशीब. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारचं बोट मात्र भाजलं. डॉक्टर म्हणाले, बोटं राहतील, पण पक्कड धरता येईल की नाही ते आत्ता सांगता येत नाही.

समितीने तातडीची बैठक बोलावून तीव्र दुःख व्यक्त केलं. दुःखाचा मसुदा पहिल्याच वाचनात मंजूर झाला, हा आमच्याकडचा उच्चांक आहे. बाईंना मात्र राहवलं नाही. त्या बैठकीतून उठल्या, तडक उरलेल्या चार पंपघरांत गेल्या आणि तिथल्या वायरमनना तोंडी सांगून आल्या, "पंधरा मिनिटं थांबा रे बाबांनो, आणि दांडी लावल्याशिवाय हात घालू नका." चौघांनाही एका दमात कळलं. नामंजूर मजकुराचा तोंडी प्रसार केल्याबद्दल 'कारणे दाखवा' नोटीस मी स्वतः टाइप केली. बाईंनी कारण दाखवलं नाही, राजीनामा दाखवला.

मग आम्ही जनतेकडून हरकती मागवल्या. दोन महिन्यांत तीनशे सत्तर पत्रं आली. एकशे ब्याण्णव अर्थिंगच्या बाजूने, एकशे सत्त्याहत्तर ग्राउंडिंगच्या. (दोन्हीकडून काही शिव्या, त्या स्वतंत्र फायलीत.) उरलं एक. त्यात एकच ओळ होती: 'माझ्या भावाचा हात कधी बरा होणार?' अक्षर ओळखीचं होतं. किराण्याच्या यादीत मी ते रोज बघतो. 'विषयाबाहेर' असा शेरा मारून मी ते दप्तरी दाखल केलं.

त्या दिवशी घरी गेलो तर मेहुणा डाव्या हाताने चहा पीत बसला होता. अर्धा बशीत, अर्धा शर्टावर. "दाजी, लागला का हो निकाल?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होता बिचारा. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण ते इतिवृत्तात कुठे लिहायचं, याची तरतूद नाही.

असो. आता तुमच्याबद्दल. मघापासून तुम्ही आम्हाला हसताय, हसा. पण हसता हसता मनात दोनपैकी एक शब्द ठरवलातच ना? 'छे, खरं तर अमुकच बरोबर', असं पुटपुटलात की नाही? लाजू नका, समितीला अशाच माणसांची गरज आहे. बाईंची जागा अजून भरायची आहे. अर्जात पात्रतेची अट एकच: अर्जदाराने वायरमनच्या हाताची कधीही चौकशी केलेली नसावी. त्या रकान्यात मी तुमच्या वतीने 'केली नाही' असं आधीच लिहून ठेवलं आहे.